कोंबडा कोणी आणला?

हौसाच्या तांदळाच्या भाकरीची कीर्ती कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर पसरली होती, आणि आपल्या आयुष्याचं जे काही वाटोळं झालं ते ह्या कीर्तीनंच झालं, असं तिचं ठाम मत होतं. बारसं असो, लग्न असो, कुणाचं दहावं असो, हौसा एसटीतून उतरून पायावर पाणी घेते न घेते तोच आतून आवाज यायचा, "आली गो हौसावयनी! आता भाकऱ्यांचा घोर नाय." मग कुणीतरी तिच्या हातातली पिशवी काढून घ्यायचं आणि कुणीतरी पिठाची परात पुढं सारायचं. नवरी गोरी होती की सावळी, बाळाचं नाव काय ठेवलं, हे तिला घरी परतल्यावर दुसऱ्यांना विचारावं लागे. चुली मात्र तिला सगळ्या आठवत. चणेऱ्याच्या नणंदेची चूल धुरकट, नागोठण्याच्या मामेसासऱ्यांची उगाच उंच, गडबच्या चुलतजावेची तर वाऱ्याच्या तोंडावर मांडलेली, देवाला कळेल कुठल्या अकलेनं.

म्हणून यंदा भाताची झोडणी उरकल्यावर सुनेनं, मृणालीनं, विचारलं, "आई, तुम्हाला काय घेऊ?" तेव्हा हौसानं साडी मागितली नाही की बांगडी मागितली नाही.

"मला यक रात्र अशा जागी धाड," ती म्हणाली, "जिथं मला कोण वळखत नाय. नि जिथं मला चुलीपाशी कोण बोलवत नाय."

मृणाली पेणला राहायची. मुलगा निकेश डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जायचा, आणि तो कुठल्या शिफ्टला आहे हे लक्षात ठेवता ठेवता मृणालीला कुठलंही काम चटकन उरकायची सवय लागली होती. तिनं तिथल्या तिथं मोबाइलवर काशीदच्या किनाऱ्यावरच्या 'सागरसावली रिसॉर्ट'मध्ये खोली ठरवून टाकली. रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाष्टा धरून.

"धरून म्हंजे?"

"म्हणजे ते करणार, तुम्ही खाणार."

हौसानं हे वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. समुद्र तिनं ह्यापूर्वी पाहिला होता, नाही असं नाही. पण तो मयताला जाताना टेंपोतून. आणि मयताच्या टेंपोतून समुद्राकडे फार वेळ बघणं बरं दिसत नाही.

आता एकच अडचण उरली होती, ती म्हणजे नवरा. केरू माणूस वाईट नव्हता. पण कुणीही माणूस दिसला की तो त्याला गाव विचारायचा. दुसऱ्या प्रश्नाला आळी विचारायचा, आणि तिसऱ्या प्रश्नाला नातं निघायचं. एकदा रोह्याच्या स्टेशनात त्यानं तिकीट तपासणाऱ्याला आपल्या साडूचा मेहुणा ठरवला होता. नातं निघालं की चहा आला, चहा आला की घरी जाणं आलं, आणि घरी जाणं आलं की परात आली. हौसाला हा सगळा रस्ता पाठ होता.

"ह्या टायमाला कोणाला गाव विचारायचं नाय," तिनं निघताना बजावलं. "कोणी आपलं विचारलं तर सांगायचं नाय."

"मग बोलायचं काय?"

"बोलायचंच नाय. पर्यटक कुठं बोलतात? ते फोटो काढतात."

केरू गप्प बसला. तो इतक्या सहज गप्प बसला तेव्हाच तिला संशय यायला हवा होता. पण ती मृणालीनं दिलेला काळा गॉगल लावून आरशात बघण्यात गुंतली होती.

रोह्याहून एसटी सुटली. केरूनं मांडीवर एक मोठी कापडी पिशवी घट्ट धरली होती. चणेरं आलं. चणेऱ्याचा थांबा म्हणजे नणंदेच्या ओटीसमोरच, आणि नणंद म्हणजे ओटीवरच. दारावरून जाऊन चहालासुद्धा न थांबणं हा ह्या भागात असा गुन्हा आहे की त्याची आठवण दोन पिढ्या निघते. "खाली वाका," हौसा कुजबुजली. दोघं सीटच्या मागं वाकली. गाडी थांबली, माणसं उतरली, माणसं चढली, आणि नेमकं त्याच क्षणी केरूच्या मांडीवरची पिशवी आरवली.

साधीसुधी नाही. गळा फाडून.

सगळी एसटी वळली. ओटीवरची नणंदसुद्धा मान लांब करून बघू लागली. नशिबानं गाडी सुटली. कंडक्टर मात्र येऊन उभा राहिला.

"बाबा, पिशवीत काय हाय?"

"कापडं," केरू म्हणाला.

"कापडं आरवतात तुमची?"

कंडक्टरनं कोंबड्याचं तिकीट फाडलं आणि ते मोठ्या अदबीनं कोंबड्याच्या चोचीपुढं धरलं. एसटी हसली. हौसानं गॉगल काढून नवऱ्याकडं बघितलं.

"हे काय?"

"असं रिकाम्या हातानं जायचं का?" केरू म्हणाला. "परक्याच्या घरी रात काढायची, नि हात हलवत?"

"अवो, त्यें घर नाय! रिसॉर्ट हाय!"

"असंल. निजणार त्येंच्याकडं, जेवणार त्येंच्याकडं. मग कोंबडा नको? वालाच्या शेंगा पण घेतल्यात थोड्या. मडक्यात पोपटी भाजायपुरत्या."

माणूस मूर्खपणा करतो तेव्हा त्याच्याशी भांडता येतं. रीत पाळतो तेव्हा काय करणार? हौसानं गॉगल परत चढवला आणि कोंबडा आपला नाहीच अशा चेहऱ्यानं ती खिडकीबाहेर बघत राहिली.

साळावच्या फाट्यावर उतरल्यावर पुढं मिनीडोर, म्हणजे सहा माणसांची रिक्षा. ड्रायव्हरचं नाव जगन असल्याचं काचेवर मागच्या बाजूनंही वाचता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यानं हौसाचा गॉगल पाहिला, आणि इतर माणसं भरायची थांबवून एकदम मऊ आवाजात विचारलं, "कुठनं आलात मावशी?"

केरूनं तोंड उघडलं. हौसानं त्याच्या पायावर पाय दिला.

"ठाण्यास्नं," ती म्हणाली.

जगननं कोंबड्याकडं बघितलं. "ठाण्याला कोंबडं कुठं ठेवता?"

"गॅलरीत."

"असं असं," जगन म्हणाला. धंद्याच्या वेळी गिऱ्हाइकाच्या गॅलरीत फार खोल शिरू नये, हे त्याला कळत होतं. "मग शेअर कशाला? स्पेशलच करा. पॉइंट दाखवत नेतो."

आणि त्यानं खरोखरच पॉइंट दाखवले. कोर्लईचा किल्ला दाखवला, जो दाखवला नसता तरी दिसलाच असता. एका वळणावर गाडी हळू करून म्हणाला, "ह्या जागेवर मावशी, शूटिंगमध्ये एका मोठ्या हिरोचा घोडा बिथरला होता. हिरो डायरेक पाण्यात." केरूचा चेहरा लाल झाला. त्या वळणावर बिथरला होता तो त्याच्या मावसभावाचा बैल, आणि पाण्यात पडली होती ती गवताची गाडी. तो स्वतः ती बाहेर ओढायला होता. पण त्याच्या पायावर अजून हौसाचा पाय होता. त्याचं ते ज्ञान त्याला गिळावं लागलं, आणि मासा काट्यासकट गिळावा तसं ते बराच वेळ त्याच्या घशात वरखाली होत राहिलं.

काशीदला उतरल्यावर जगननं जे भाडं सांगितलं ते ऐकून केरू म्हणाला, "अरे, येवढ्यात मिनीडोर इकत देशील काय?" पण हौसानं ते तिथल्या तिथं मोजून दिलं. आपल्याला कुणीतरी पर्यटक समजून राजरोस लुबाडलं, ह्याचा तिला इतका आनंद झाला होता की उलट जगनला चहाला काहीतरी द्यावं असं तिच्या मनात येऊन गेलं.

सागरसावली रिसॉर्ट म्हणजे मुळात नारळी-पोफळीची वाडी. पोफळींच्या मधेमधे खोल्या बांधल्या होत्या, आणि खोल्यांना शिंपल्यांची नावं दिली होती. टेबलामागं मालक पुंडलिक बसला होता. अंगात अर्धी चड्डी आणि माडाचं चित्र असलेला सदरा. मागं एवढे खरे माड उभे असताना सदऱ्यावर आणखी कशाला, असं हौसाला वाटलं, पण ती बोलली नाही. ती पर्यटक होती.

"या, या! ऑनलाइन बुकिंग ना? आधार कार्ड द्या."

हौसा कार्ड शोधत होती तेवढ्यात केरूनं पुढं होऊन कोंबडा टेबलावर ठेवला. शेजारी वालाच्या शेंगांची पिशवी ठेवली. मग दोन पावलं मागं सरून हात जोडले आणि म्हणाला, "गोड मानून घ्या."

हे तो गाव न सांगता, नाव न सांगता, अगदी दिल्या वचनाला धरून बोलला. पण पुंडलिक ताडकन उठून उभा राहिला. त्याच्या टेबलावर आजवर लोकांनी बाटल्या ठेवल्या होत्या, कुत्री ठेवली होती, एकानं तर झोपलेलं पोर ठेवलं होतं. कोंबडा कुणी ठेवला नव्हता. त्यानं एक शेंग सोलून दाणा दातांखाली धरला आणि डोळे मिटले.

"हा वाल रोह्याकडचा," तो म्हणाला. मग आधार कार्ड बघितलं, गाव वाचलं, आणि आत तोंड करून ओरडला, "पुतळे! अगो, तुझ्या मामाच्या गावची माणसं!"

पुतळी, म्हणजे त्याची बायको, पिठानं भरलेले हात घेऊन बाहेर आली. तिनं हौसाकडं बघितलं. मग सरळ पुढं येऊन तिच्या डोळ्यांवरचा गॉगल वर सरकवला.

"हौसामावशी! मावशे, माझ्या लग्नातल्या भाकऱ्या तूच केलीवतीस! अजून लोकं नाव काढतात. मी म्हंजे मामाची... अगो, चणेऱ्याच्या आत्याच्या पुतणीची..."

नातं सांगताना तिला तीन वेळा थांबून श्वास घ्यावा लागला, पण ते निघालं. ते निघणारच होतं. हौसाला पायाखालची वाळू सरकल्यासारखं झालं, आणि अजून तर ती समुद्रावर गेलीसुद्धा नव्हती.

"आता ह्या खोलीचं काही घ्यायचं नाय हं," पुंडलिक म्हणाला. "घरची माणसं. मृणालीताईंनी भरलंय ते परत करतो."

"नि मावशे, देवासारखी आलीस बघ," पुतळी म्हणाली. "भाकऱ्या करणारी बाई माहेरी गेलीय नि पुण्याचा ग्रुप आलाय, दोन गाड्या भरून. त्येंना चुलीवरचीच भाकरी पायजे. माझ्या फाटतात गो. तू नुसती बस, मी पीठ मळून देते." आणि असं म्हणून तिनं हौसाच्या हातातली पिशवी काढून घेतली.

म्हणजे घ्यायला गेली. हौसानं सोडली नाही.

जन्मात पहिल्यांदा सोडली नाही. पुतळी हसत ओढत होती, हौसा न हसता धरून होती. पिशवीचा बंद करकरला. कोंबडा टेबलावरून हे बघत होता. ह्या सगळ्यात आपलं काय होणार ह्याची त्याला काहीतरी कल्पना आली असावी, कारण तो अगदी गप्प होता.

हौसाच्या मनात भराभर हिशेब चालला होता. कोंबडा स्वीकारला म्हणजे आपण पाहुणे. पाहुण्यांकडून पैसे घेत नाहीत. आणि पैसे दिले नाहीत की बाईमाणसानं नुसतं बसून खाणं कुठल्या रीतीत बसतं? पाहुणी आली की ती चुलीपाशी जाणार. ह्यातून सुटायचं तर एक तर कोंबडा परत घ्यायचा, आणि दिलेला कोंबडा परत घेतल्याचं तिनं उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. तोंड दाखवायला जागा उरली नसती. आणि दुसरं म्हणजे...

तिची नजर नवऱ्याकडं गेली. तो पुंडलिकच्या आजोबांचं नाव विचारत होता.

"थांबा," हौसा म्हणाली. "कोंबडा कोणी आणला?"

"आँ?" पुंडलिक म्हणाला.

"टेबलावर कोणी ठेवला? मी ठेवला?"

"नाय. ह्या नानांनी."

"मग पाव्हणे हे. मी नाय. मी ह्येंच्यासंगती आलेय तेवढीच. माझी खोली सुनेनं बुक केलीय, जेवण-नाष्टा धरून. मी गिऱ्हाईक हाय."

मागं माडाच्या झावळ्या सळसळल्या. पुंडलिकनं डोकं खाजवलं. खोली एक, माणसं दोन, त्यातला एक पाहुणा आणि एक गिऱ्हाईक, असा प्रकार त्याच्या कॉम्प्युटरात बसत नव्हता.

"आणि पाव्हण्यानं चुलीला हात लावायचा असंल," हौसा पुढं म्हणाली, "तर ते लावतील. घरची माणसं. काय हो?"

"मी?" केरू म्हणाला. "भाकऱ्या?"

"मी सांगत होते कोंबडा नको म्हणून."

"तू कुठं सांगितलंस? मी दाखवलाच नव्हता तुला!"

"म्हणून तर."

पुतळी आधी बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, असं की पिठाचा हात तोंडावर नेऊन तिनं स्वतःला पांढऱ्या मिशा काढून घेतल्या. "चला नाना," ती म्हणाली, "मळायला शिकवते."

हौसा आपल्या पिशवीसकट खोलीत गेली. पलंगावर टॉवेलाचं बदक करून ठेवलं होतं. ते मोडू नये म्हणून ती कडेला बसली. मग उठून समुद्रावर गेली.

वाळूवर घोडागाड्या होत्या, उंट होता, वाळूत पळणाऱ्या चारचाकी गाड्या होत्या आणि त्यांच्यावर किंचाळणारी माणसं होती. हौसानं घोडागाडी केली. घोडागाडीवाला म्हणाला, "मावशी, कुठवर?" हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता. ती म्हणाली, "वाळू सरंल तितवर." गाडी किनाऱ्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. तिनं साडी वर खोचली आणि घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली. लाट आली, पायाखालची वाळू घेऊन गेली, परत आली. मजा होती. फक्त एक व्हायचं: मागं वळून बघितलं की माडांतून धूर दिसायचा. धूर काळा होता. लाकडं ओली असणार. त्या बयेनं फुंकणी तरी दिली असेल का त्यांना? हौसाची बोटं आपोआप परातीच्या काठावर फिरल्यासारखी हलू लागली. तिनं हात पदरात गुंडाळले, पण पाय ऐकेनात.

ती मागच्या बाजूनं जाऊन स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिली.

आत केरू परातीपुढं मांडी घालून बसला होता. पुण्याची मंडळी भोवती गोळा झाली होती, आणि त्यांचे मोबाइल त्याच्यावर रोखलेले होते. भाकरी त्यानं थापली होती, पण ती गोल नव्हती. ती रायगड जिल्ह्यासारखी होती. त्यानं ती उचलली, आणि अलिबाग तालुका तुटून परातीत पडला. "वॉव," एक मुलगी म्हणाली. "आजोबा, किती ऑथेंटिक!"

"कुठलं गाव तुमचं?" केरूनं तिला विचारलं.

"कोथरूड."

"नाय, मूळ गाव?"

हौसाच्या जिभेच्या टोकावर शब्द आले होते, 'अवो, पाण्याचा हात लावा!' तेवढं बोललं असतं तर तो वळला असता, पुतळी वळली असती, आणि मग ती आत असती. आत गेलं की संपलं, हे तिला चुलीच्या धगीइतकं स्वच्छ ठाऊक होतं. तिनं गॉगल खाली ओढला, जीभ दातांखाली धरली आणि आली तशी परत गेली. भाकऱ्यांच्या इतिहासात एवढं अवघड काम तिनं दुसरं केलं नव्हतं.

संध्याकाळी ती अंगणातल्या टेबलावर बसली. केरू स्वतः ताट घेऊन आला. त्याच्या भुवयांवर पीठ होतं, उजव्या हाताला एक चटका होता, आणि चेहरा असा होता की जणू त्यानं पालखीला खांदा दिलाय. ताटात कोंबड्याचा रस्सा, वालाची उसळ, आणि भाकरी.

हौसानं तुकडा मोडला. चावला. पुन्हा चावला.

"जाड झालेय," ती म्हणाली.

"मग करा जाऊन."

"मी गिऱ्हाईक हाय. मधे कच्ची पण लागतेय."

"पुण्याच्या लोकांनी दोन-दोन खाल्ल्या!"

"त्येंचं त्येंच्याकडं. तक्रार माझी हाय." तिनं रश्श्यात तुकडा बुडवला. बसल्या जागी कुणीतरी ताट आणून ठेवावं आणि आपण त्याला नावं ठेवावीत, ह्यात इतकं सुख असतं हे तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुरुष मंडळी रोज दोन वेळा हेच करत होती आणि एक अक्षर बोलली नव्हती. "आणि यक आणा," ती म्हणाली. "पातळ."

केरू आत गेला. पळतच गेला.

सकाळी घावने आले. ते पुतळीनं केले होते आणि चांगले होते. हौसानं शोधूनही खोट सापडली नाही, त्यामुळं थोडी निराशा झाली. पुंडलिकनं मृणालीला निम्मेच पैसे परत केले. कॉम्प्युटरात कसं बसवलं ते त्यालाच ठाऊक. निघताना पुतळी केरूला म्हणाली, "नाना, पुढच्या शनिवारी आणखी यक ग्रुप हाय."

"बघू," केरू म्हणाला. हौसा 'बघू' म्हणायची तस्सं.

जगनची मिनीडोर दारात लागली होती. आता त्यालाही नातं कळलं होतं, म्हणून काल घेतलेल्या भाड्याकडं पाठ फिरवून तो उगाच टायर बघत होता. हौसा चढून बसली तोच तिचा फोन वाजला. चणेऱ्याच्या वन्सं. कोंबडा ऐकला असणार. दारावरून गेलात नि चहापण नाय, आता पुढची दोन वर्षं हेच.

"वन्सं, अवो, गाडी थांबलीच नाय..." तिनं सुरुवात केली.

"त्यें ऱ्हाऊ दे," पलीकडून आवाज आला. "पुतळीनं घरच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकलाय. सगळ्या गावानं बघितला. माझ्या नातवाचं बारसं हाय गो, माणसं काय कमी येतात? तुला नाय बोलवत कामाला, तू नुसती ये. दादाला दे जरा फोन."

हौसानं फोन कानापासून दूर धरला आणि त्याकडं बघितलं. मग तो केरूपुढं केला.

"तुमचा हाय," ती म्हणाली, आणि खिडकीकडच्या बाजूला सरकून तिनं गॉगल लावला.

केरूनं फोन घेतला. पलीकडचं सगळं ऐकून घेतलं. मग घसा खाकरला, पाठ ताठ केली, आणि बहिणीला विचारलं,

"परात केवढी हाय तुझी?"